दौलूनानाचा कडू घास

“दौलू गेला,” जिजी म्हणाली, आणि हातातला सोऱ्या माझ्या मांडीवर ठेवून उठली.

अंगणात कुरडयांचं काम ऐन रंगात आलं होतं. चुलाणावर गव्हाचा चीक रटरटत होता, आई घामाघूम होऊन तो घाटत होती आणि मी बाजेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर वेढे पाडायला बसले होते. चीक गरम आहे तोवर कुरडई पडते. गार झाला की संपलं, त्याचा नुसता गोळा होतो. म्हणून कुरडयांच्या दिवशी कुणी पाहुणं यायचं नाही, कुणी आजारी पडायचं नाही आणि कुणी भांडायचं नाही, असा जिजीचाच कडक नियम होता. मरायचं नाही हे तिनं वेगळं सांगितलं नव्हतं इतकंच.

“कोण दौलू?” आईनं विचारलं.

“गावात दौलू किती हायत? इठीचा दौलू. बाळू गवळी आत्ताच सांगून गेला.”

“अगं बाई!” आईच्या हातातलं उलथनं चिकातच राहिलं. “कालच मंदा रडत हुती. पण इतक्यात...”

“इतक्यात न्हाईतर काय, मुहूर्त काढून जायाचा?” जिजी पदर खोचत म्हणाली. “पीठ काढ. भाकऱ्या टाकाय पाहिजेत.”

“आत्याबाई, चीक!”

“मेल्या माणसापरीस चीक मोठा हाय का तुझा?”

आईनं चुलाणाखालचं जळण ओढलं आणि कपाळाला हात लावला.

जिजी म्हणजे माझी आजी, अंजिराबाई. सगळं गाव तिला जिजीच म्हणायचं. कुणाकडे बाळंतपण असो, बारसं असो, गावजेवण असो, जिजीशिवाय चूल पेटायची नाही. पण तिची खरी मक्तेदारी मरणाची. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना बळंबळं दोन घास भरवतात. त्याला म्हणायचं कडू घास. गावातल्या प्रत्येक घराचा पहिला कडू घास जिजीच्या हातचा. त्यासाठी तिची एक ठरलेली दुरडी होती, वेताची, काठाला तांबडी चिंधी बांधलेली. ती दुरडी डोक्यावर घेऊन जिजी गल्लीनं निघाली की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या आणि पुरुष टोप्या काढायचे. कोण गेलं हे विचारायची गरजच नसायची. दुरडी कुठल्या दारात वळती एवढं बघायचं.

आणि दौलूनाना म्हणजे जिजीचा हाडवैरी.

जिजीचं माहेर-सासर एकाच गावातलं. ती आणि नाना एका आळीत वाढलेले, त्यामुळं बोलणं सगळं अरे-तुरेचं. वैर लागलं ते आमटीवरून. जत्रेच्या पंगतीला जिजीनं काहील भरून आमटी केली होती. नाना वाढप्यांचा पुढारी. त्यानं वाटीभर चाखली आणि सगळ्या पंगतीपुढं म्हणाला, “अंजिरेच्या हाताला मिठाचा अंदाज न्हाई.” झालं! त्या दिवसापासून जिजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्या जत्रेच्या वेळी मी परकर सावरत हिंडत होते आणि या कुरडयांच्या दिवशी मला स्थळं बघत होते, म्हणजे बघा किती वर्षं झाली. रस्त्यात नाना दिसला तर जिजी त्याच्या बैलाला उद्देशून बोलायची. “बाबा, तू तरी गुणाचा हायस.” नानाही काही कमी नव्हता. आमच्या दारावरून जाताना मुद्दाम घसा खाकरायचा आणि थुंकायचा, खारट खाल्ल्यासारखं तोंड करून.

नानाची बायको इठाबाई मात्र जिजीची जिवाभावाची मैत्रीण. ती या कुरडयांच्या आधीच्याच हिवाळ्यात गेली. जिजी तेरा दिवस दुरडी घेऊन त्यांच्याकडे गेली, पण मागच्या दारानं. भाकरी सुनेच्या हातात द्यायची आणि परत फिरायचं, नानाकडे बघायचंसुद्धा नाही.

तेरावं झालं आणि नानानं खाणं सोडलं. उपास नाही, नवस नाही, नुसतं ‘नको’ म्हणायचा. जन्मभर इठाच्या हातची भाकरी खाल्ली, आता दुसऱ्या कुणाची घशाखाली उतरत नाही म्हणे. आधी पेज घ्यायचा, मग नुसता चहा, मग तोही नको. डॉक्टरनं सलाईन लावली तर त्यानं ती उपटून खाटेच्या पायाला गुंडाळून ठेवली. डॉक्टर म्हणाला, म्हाताऱ्याला रोग काही नाही, पण खाल्लं नाही तर आठवडा निघणार नाही. मंदावहिनी म्हणजे त्याची सून. नवरा मिलिटरीत, लांब कुठंतरी बर्फात. बिचारी आदल्या संध्याकाळी आमच्या कुंपणाशी येऊन रडून गेली होती. “जिजी, तुमच्या पाया पडते, काहीतरी करा. मामंजी उपाशी गेले तर लोक म्हणतील सुनेनं मारलं. आणि ह्यांना मी काय सांगू?”

जिजी तेव्हा गहू निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नव्हती. मला तिचा असा राग आला होता म्हणून सांगू!

तर आता भाकऱ्या झाल्या. पिठलं झालं. जिजी स्वयंपाक करताना कुणाला जवळ येऊ देत नसे, त्यात आज तर आईशी बिनसलेलं. मी दुरडी पुसून आणली तेव्हा ती खडेमिठाच्या मडक्यापाशी पाठ करून उभी होती, पदराशी काहीतरी चाळवत. माझी चाहूल लागताच वळली.

“काय बघतीस? पिठल्याचं भांडं उचल. आणि तोंड जरा सुतकी कर. मयताला चाललोय, शिनिमाला न्हाई.”

“तुझ्या डोळ्यांत तरी कुठं पाणी आहे?”

“माझं तिथं गेल्यावर येतं,” जिजी म्हणाली. “वाटंत सांडून काय करायचं?”

आम्ही निघालो. पुढं जिजी डोक्यावर दुरडी घेऊन, मागं मी पिठल्याचं पातेलं कडेवर घेऊन. दुरडी दिसली आणि गल्ली जागी झाली. शिंपिणीनं मशीन थांबवलं. सोसायटीच्या ओट्यावरचे पत्ते उलटे पडले. दुरडी नानाच्या गल्लीला वळली तसे लोक “अरेरे, सुटला बिचारा” म्हणत मागं यायला लागले. वळणावर मी मागं पाहिलं तर निम्मं गाव आमच्या मागं.

नानाच्या अंगणात पाय टाकला आणि जिजीनं दुरडी सोप्याच्या कडेला ठेवली, मोकळ्या हातानं कपाळ बडवलं आणि गळा काढला.

“आरं माझ्या दौलूऽऽ! कसा गेलास रंऽऽ!”

आतून मंदावहिनी पळत आली, हातात केरसुणी. तिच्या तोंडावर काही रडण्याची खूण दिसेना. तोंड उघडून ती जिजीकडे बघत राहिली. जिजी थांबायलाच तयार नाही.

“कुणाला बरं म्हटलं न्हाईस रंऽऽ! इठीनं लोण्यावानी भाकऱ्या घातल्या, कवा छान झाली म्हणाला न्हाईस रंऽऽ! चारचौघांत माझी आमटी नासवलीस रंऽऽ! आता वर जाऊन देवाच्या सैपाकाला नावं ठिवशील रंऽऽ! देवाचं कसं व्हायचं रंऽऽ!”

“कोण बोंबलतंय?” सोप्यातून आवाज आला.

मागून आलेल्या लोकांनी माना उंचावल्या.

सोप्यात खाटेवर वाकळ पांघरून काहीतरी पडलं होतं. ते हललं. वाकळीतून आधी एक हात आला, मग पांढरे खुंट वाढलेलं तोंड. गाल पार आत गेलेले. डोळे मात्र तेच जुने, खवट.

“मंदे,” नाना म्हणाला, “ही बया कुणासाठी रडतीया?”

“मामंजी,” मंदावहिनी रडकुंडीला आली, “तुमच्यासाठी.”

“मी जित्ता हाय.”

“दिसतंय,” जिजी म्हणाली. नळाची तोटी बंद करावी तसं तिचं रडणं थांबलं. तिनं डोळे कोरडे केले, जे आधीच कोरडे होते, आणि सोप्याच्या कडेला बसली. “आता आली का पंचाईत!”

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. माझ्या मागं लोक कुजबुजत होते, एकजण तर खिदळला. माझी लग्नाची बोलणी चाललेली. उद्या पाहुणे विचारतील, ‘ती जित्या माणसाच्या मयताला जाते ती आजी तुमचीच का?’

“जिजी, चल घरी,” मी तिचा पदर ओढला.

“पदर सोड!” ती अशी खेकसली की मी चटका बसल्यासारखा हात काढला.

“पंचाईत तुझी,” नाना म्हणाला. “उचल तुझी दुरडी आन् चालती हो.”

“कडू घास भरल्या दुरडीनं माघारी नेत न्हाईत. नेला तर मरण मागनं येतं घरात. माझ्या घरात ल्योक हाय, सून हाय, ही लगनाची पोर हाय. कुणाला मारू, सांग.”

“मग मंदीला घाल.”

“ती कशी खाईल? सासरा डोळं वटारून बघतुया, आन् तिनं त्याच्या नावाचा कडू घास खायचा? म्हंजे मारल्यागतच झालं की तुला.”

“कुत्र्याला घाल मग!”

“इठीच्या उंबऱ्यावरचं अन्न कुत्र्याला घालू?” जिजी हळू म्हणाली.

नानानं उंबऱ्याकडे बघितलं. मंदावहिनीनं डोळ्याला पदर लावला.

“ज्याच्या नावानं आणला त्यानंच खायचा,” जिजी म्हणाली. “रीत हाय.”

“कुठली रीत? मी न्हाई ऐकली.”

“तू कशी ऐकशील? उभ्या जन्मात गावाला कडू घास तू घातलास का मी? रीत मला ठावी का तुला?” तिनं मान वळवून गर्दीकडे बघितलं. “काय रं, गप का सगळी?”

“व्हय नाना,” लोक म्हणाले. “जिजी सांगती म्हंजे असंल तसं.”

जित्या माणसाचा कडू घास आजवर गावात कुणी नेलाच नव्हता, तर त्याची रीत कुणाला माहीत असणार? जिजी सांगेल ती रीत.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बाळू गवळी आला. खांद्यावर दोन हिरवेगार बांबू, तिरडीसाठी तोडून आणलेले. खाटेवर उठू बघणारा नाना त्याला दिसला आणि बाळू जागच्या जागी खांब झाला.

नानाची नजर बांबूवर गेली.

“बांबू कुणाचं?” तो म्हणाला.

“आँ?”

“बांबू कुणाच्या बेटातलं, म्हणतो मी!”

“तुमच्याच, नाना,” बाळू चाचरला. “म्हटलं, तुमच्यासाठीच लागणार हायत, तर...”

“भडव्या, इचारलंस का मला?” नाना खाटेवर ताडकन उठून बसला. कितीतरी दिवसांत तो आधाराशिवाय बसला नव्हता. “कोवळं बांबू तोडलंस! दोन वर्षं थांबायचं व्हतं त्येंना!”

“इचारणार कुणाला? तुम्ही तर... मला जिजीच्या दुरडीवरनं कळलं.”

मी जिजीकडे बघितलं. जिजी आढ्याकडे बघत होती.

“बाळू,” मी म्हणाले, “तूच ना जिजीला सांगितलंस?”

“मी? मी तर सकाळपास्नं गोठ्यात हाय!”

“बांबू ठिव खाली आन् गप बस,” जिजी म्हणाली. “कुणीतरी सांगितलं मला. गाव मोठं हाय.” आणि लगेच दुरडीतल्या ताटात भाकरी ठेवून, तिच्यावर पिठल्याचा गोळा घालून ताट नानापुढं सरकवलं. “एक घास. रीत भागली की मी चालले. तू मग मर न्हाईतर जग. पण मरताना माझ्या घरावर घाला घालून मरू नगंस.”

नाना ताटाकडे बघत राहिला. या ब्यादीला एकदाचं घालवावं म्हणून असेल, त्यानं चतकोराचाही चतकोर मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

मंदावहिनी केरसुणी धरून एक पाऊल पुढं आली. मीही.

नानानं चावलं. आणखी चावलं. मग त्याचं तोंड वाकडं झालं. आता थुंकणार, मी मनात म्हटलं, आता सगळं संपलं. त्यानं घास गिळला.

“अळणी,” तो म्हणाला.

“काय?”

“अळणी हाय! मीठच न्हाई ह्यात. तवा खारट, आता अळणी! अंजिरे, तुझ्या हाताला मिठाचा अंदाज येणार तरी कवा? मी मेल्यावर?”

“मी तर तेच समजून आले व्हते,” जिजी म्हणाली.

अंगणात असा हशा उसळला की बाळूच्या खांद्यावर अजून तसेच असलेले बांबू पडले. जिजी हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडली, चिमूटभर खडेमीठ हातावर चुरडून पिठल्यावर टाकलं आणि म्हणाली, “आता बघ.”

नानानं दुसरा घास घेतला. “कमी हाय.”

आणखी चिमूट. तिसरा घास. “ह्या बाजूला लागलंच न्हाई.” चौथा. “आता जरा बरं. जरा.” असं मीठ तपासता तपासता नानानं अर्धी भाकरी संपवली. मंदावहिनी भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती. बाकीचे निवडणूक जिंकल्यासारखे आपापल्या घरी गेले.

घरी आलो तर चिकाचा दगड झालेला. आई आठ दिवस जिजीशी धड बोलली नाही. पण पिठलं अळणी होतं हे ऐकल्यावर मात्र हळहळली. “मीठ विसरल्या आत्याबाई! वय झालं हो.”

“झालं असंल,” जिजी म्हणाली.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जिजी डोळे झाकून शंभर पानांच्या आमटीला मीठ घालायची. आणि आपलं वय झालं हे तर तिनं देवापुढंही कबूल केलं नसतं. पण मी रागात होते. पाहुणे काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी मंदावहिनी रिकामी वाटी घेऊन आली. नानाचा निरोप होता, ‘पिठलं कसं करतात ते शिकून घे आन् परत पाठव.’ जिजीनं पाठवलं. निरोप आला, ‘तिखट.’ मग भरीत पाठवलं. ‘करपलंय.’ मग खीर. ‘गोडमिट्ट. मला काय मुंगी समजलीस?’ हे निरोप इकडून तिकडे न्यायचं काम माझ्याकडे. एकदाही वाटीत काही उरलं नाही, आणि एकदाही ‘बरं झालं’ असा शब्द आला नाही. जिजी निरोप ऐकायची, “मेल्याला चवच न्हाई” म्हणायची आणि लगेच उद्या काय करायचं त्याच्या तयारीला लागायची. माझं लग्न ठरलं, पाहुण्यांनी काही विचारलं नाही, मी सासरी गेले. वाटीचं जाणं-येणं चालूच राहिलं.

जिजीच्या जाण्याची बातमी मला सासरी कळली. पोहोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. सोप्यात ती जिथं गेली तिथं पीठ पसरून दिवा लावला होता. घर माणसांनी भरलेलं, पण सगळे कसे वाट चुकल्यासारखे. चूल थंड होती. गावातल्या प्रत्येक मरणाला कुणी काय करायचं हे जिजी सांगायची, आणि आज सांगायला कुणी नव्हतं. तिची दुरडी खुंटीला तशीच टांगलेली होती.

मग दारात काठी वाजली. दौलूनाना. पार वाकलेला, नाक गुडघ्याला टेकेल असा. मागं मंदावहिनी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन, पण पिठल्याचं पातेलं मात्र नानानं स्वतःच छातीशी धरलेलं.

“मला हात लावू दिला न्हाई,” मंदावहिनी माझ्या कानात म्हणाली. “सकाळपासून चुलीपुढं बसलेत.”

नानानं काठी टाकली, दिव्यापुढं बसला आणि आमच्या ताटात आपल्या हातानं पिठलं वाढलं. गाठीच गाठी झाल्या होत्या. आईनं घास घेतला, मी घेतला. आईनं माझ्याकडे पाहिलं. पिठल्यात मिठाचा कणसुद्धा नव्हता. पण कडू घासाला कुणी नाव ठेवत नाही. आम्ही खाली मान घालून खात राहिलो.

नाना आमच्याकडे बघतच नव्हता. तो दिव्याकडे बघत होता.

“अळणी हाय, अंजिरे,” तो म्हणाला. “बोल की.”

ज्योत हलली.

“मी उठलो व्हतो तवा,” नाना म्हणाला. “तू काय अशी...”

वाक्य अर्धंच टाकून तो माझ्याकडे वळला. “शाले, तुझ्या आजीला वाटायचं, मला कळलं न्हाई. आगं, मयताच्या घरी पदराला मीठ बांधून कोण जातंय का?”

मिठाच्या मडक्यापाशी पाठ करून उभी असलेली जिजी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी पदर ओढला तेव्हा ती केवढी खेकसली होती!

नाना धोतराचा सोगा चाचपत होता. सोग्याला गाठ होती. गाठ सुटेना. मी पुढं झाले आणि सोडवली. आत खडेमीठ होतं. त्यानं ते हातावर चुरडायला घेतलं, पण मूठभर मीठ निसटून माझ्या ताटात सांडलं.

“खा पोरी,” तो म्हणाला.

मी घास घेतला. तोंडात घालवत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, आई डोळ्यांनीच ‘गप्प बस’ म्हणत होती. कडू घासाला नाव ठेवायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी कुणाची नात होते!

“नाना,” मी म्हणाले, “खारट झालंय. तुमच्या हाताला मिठाचा अंदाज न्हाई.”

नानाला हसू आलं, बोळक्या तोंडभर. हसता हसता त्यानं दिव्यापुढच्या पिठावर हात टेकला, आणि तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं.